बाभळीचे ओंडके हलवायला कोणतं हत्यार घ्यावं? आधी घेर मोजा, मग हत्यार ठरवा

भाऊ, तुम्ही लिहिलंय की वादळात मळ्याच्या बांधावरची जुनी बाभूळ पडली, बुंध्याचा घेर ५ फूट, कटरवाल्याने तीन-तीन फुटाचे तुकडे करून दिले आणि आता ते दोनशे मीटरवरच्या खळ्यात न्यायचेत. तुमचं वय ५१, कंबर एकदा धरून झालीय, मदतीला एक सालदार, आणि वडील ७६ वर्षांचे आहेत पण ऐकत नाहीत, हात लावायला येतात. मोबाईलवर तुम्ही तीन हत्यारं बघितलीत, ओंडका धरायचा चिमटा, लांब दांड्याचा आकडा आणि तो अमेरिकन पीव्ही, म्हणजे ओंडका गडगडवायचा आकडेवाला दांडा, आणि विचारलंय की तिघांतलं कोणतं घेऊ. माझी अमळनेरकडे जळाऊ लाकडाची वखार आहे, वडिलांपासूनची, मी स्वतः २७ वर्षं हेच करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. लांबेल, पण कंबरेचा विषय आहे, घाईत वाचू नका.

पहिली गोष्ट, तुम्ही घेर दिला, लांबी दिली, पण वजन दिलं नाही, आणि माझ्या मते सगळी गडबड तिथेच आहे. ओंडक्याकडे बघून वजनाचा अंदाज भल्याभल्यांचा चुकतो, कारण घेर दुप्पट झाला की वजन दुप्पट होत नाही, चौपट होतं. आमच्या धंद्यात सागाचं माप चौथाई घेराने काढतात, म्हणजे घेराचा चौथा हिस्सा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. या पद्धतीत गोल लाकडाचं खरं घनफळ साधारण २१-२२ टक्के कमी भरतं, चौकट काढताना जे वाया जातं ते त्यात धरलेलं असतं. खरेदी-विक्रीला ते ठीक, पण वजन काढायचं तर खरं घनफळ पाहिजे. ओली बाभूळ पाण्याइतकी जड धरा, किंवा थोडी जास्तच. मग हिशोब असा येतो की २ फूट घेराचं लाकूड दर फुटाला ९ किलो, ३ फूट घेराचं २० किलो, ४ फुटाचं ३६ आणि तुमचं ५ फुटाचं ५६ किलो. म्हणजे तुमचा तीन फुटाचा एकेक तुकडा १६८ किलोचा आहे. बाभळीऐवजी अंजन असता तर याच्याही वर गेला असता, अंजन आपल्या देशातल्या सगळ्यात जड लाकडांपैकी आहे, त्याचा वाळलेला गाभासुद्धा पाण्यात तरंगत नाही.

आता दोन माणसांत १६८ किलो म्हणजे प्रत्येकी ८४. चिमटा कितीही भारी कंपनीचा घेतला तरी तो वजन कमी करत नाही, फक्त धरायला मूठ देतो. अमेरिकेत नायॉश नावाची कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी सरकारी संस्था आहे, त्यांच्या ओझं उचलायच्या सूत्रात सगळं मनासारखं असलं, म्हणजे ओझं अंगाला लागून, हात खाली सोडल्यावर मुठी येतात त्या उंचीला, धरायला चांगलं, वळायचं नाही, तरी सुरुवात २३ किलोपासून होते आणि ओझं जमिनीवर असलं किंवा अंगापासून लांब गेलं की आकडा तिथून खाली येतो. तुम्ही म्हणाल मार्केट यार्डात हमाल ५० किलोचं पोतं पाठीवर घेतातच की. घेतात, पण पोतं अंगाला चिकटतं, आकार बदलतं आणि दुसरा माणूस ते पाठीवर ठेवून देतो. ओंडका जमिनीवरून वाकून घ्यावा लागतो, गोल असतो, अंगापासून हातभर लांब राहतो आणि मधेच फिरतो. दोघांची तुलना करू नका, मी पंचविशीत केली होती आणि त्याचं बिल अजून थंडीत कंबर देते.

म्हणून तुमचा खरा प्रश्न मी असा वाचतो: हे ५६ किलो फुटाचं लाकूड दोन माणसांनी, कमीत कमी वाकून आणि जवळजवळ न उचलता, खळ्यात कसं न्यायचं. हत्यार त्याच्यानंतर येतं.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर आहेत हे आधीच मान्य करतो. लाकूड कशाला पाहिजे यावर पहिलं ठरतं. स्मशानात सरणाला द्यायचं असेल तर आम्ही लांबच ठेवतो, तिथे बारीक तुकडे चालत नाहीत, आणि मग लांब ओंडका हलवायची हत्यारं लागतात. तुम्ही लिहिलंय बंब आणि चूल, आणि हिवाळ्यात कधी भरीत पार्टी असली की मोठी चूल. भरताची वांगी तर पऱ्हाट्यांवरच, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवरच भाजणार, तसली आच बाभळीला येत नाही, म्हणजे बाभूळ भाकरीला, मटणाला आणि पाणी तापवायला. बंबात आणि चुलीत जास्तीत जास्त सव्वा फुटाचं लाकूड जातं. मग तीन फुटाचा तुकडा खळ्यात नेऊन तिथे परत कापणार, परत फोडणार, तर ते जिथे पडलंय तिथेच का नाही करायचं?

कटरवाल्याला परत एक दिवस बोलवा. प्रत्येक तीन फुटाच्या तुकड्याचे सव्वा-सव्वा फुटाचे दोन करा, उरलेला अर्ध्या फुटाचा तुकडाही चुलीत जातो. सव्वा फुटाचा तुकडा ७० किलोचा होतो. तोही उचलायचा नाही, पण तो चाकासारखा उभा करून लोटता येतो, आणि जागेवर फोडला, सहा फोडी केल्या, की एक फोड १२ किलोच्या आसपास येते. १२ किलो तुमच्या कंबरेला झेपेल. कटरवाल्याचा दिवस महाग वाटेल, पण फिजिओथेरपीवाल्याकडे दहा दिवस जाऊन बघा काय पडतं ते. आणि फोडायचं ते ओलं असतानाच, बाभळीचा गाभा एकदा आपल्या उन्हाळ्यात वाळला की कुऱ्हाड परत फेकतो. मोठ्या तुकड्याला कडेने सुरुवात करा, मधोमध घाव घालू नका, आणि पाचर ठोकायला घण वापरा, कुऱ्हाडीचा माथा नाही. पाचरीचं डोकं फुलून त्याला कडा आल्या असतील तर आधी त्या घासून काढा, तिथूनच लोखंडाचा कण उडतो आणि डोळ्यात जातो.

इथे पहिलं हत्यार कामाला येतं आणि ते तुमच्या घरी असणारच. पहार. कटरची चेन एकदा मातीला लागली की बोथट झाली समजा, म्हणून ओंडका जमिनीवर टेकलेला असताना आरपार कापता येत नाही. आम्ही काय करतो, वरून सगळ्या खुणांवर तीन हिस्से कापून घेतो, मग पहारीने ओंडका अर्धा वळसा फिरवतो आणि उरलेला एक हिस्सा दुसऱ्या बाजूने कापतो. ५ फुटी पहार घ्या, टोकापासून वीतभर कमी, साधारण सहा इंचावर, खाली लाकडाचा गुटका ठेवा. मागे साडेचार फूट दांडा राहिला, पुढे अर्धा फूट, म्हणजे नऊपट जोर. तुम्ही वरून २० किलोने दाबलं तर पुढे १८० किलो उचललं जातं, आणि ओंडका फिरवायला तर तेवढंही लागत नाही. गुटका दगडाचा नको, दगडावर पहार सटकते. आणि पहारीवर पोटाने किंवा छातीने रेलायचं नाही, ओंडका परत बसला की पहार उलटी उसळते, बाजूला उभं राहून हातानेच दाबायचं. ओंडका फिरल्यावर लगेच त्याच्याखाली दगड सरकवा, पायाने नाही, काठीने.

आता पीव्ही. १८५० च्या दशकात अमेरिकेत मेन राज्यात जोसेफ पीव्ही नावाचा लोहार होता, नदीतून ओंडके वाहून न्यायचं काम तिकडे मोठं होतं, त्याने जुन्या आकड्याच्या दांड्यात सुधारणा केली आणि हत्याराला त्याचंच नाव पडलं. लांब दांडा, टोकाला सुळा, आणि सुळ्याच्या जरा वर कडीत हलणारा एक वाकडा आकडा. आकडा ओंडक्याला धरतो, दांडा ओढला की ओंडका गडगडतो. सुळ्याऐवजी टोक बोथट असलं की त्याला कँट हुक म्हणतात. हत्यार उत्तम आहे, माझ्या वखारीत वेल्डिंगवाल्याकडून बनवलेलं आहे आणि सहा-सात फुटाचे ओंडके आले की माझी माणसं तेच आधी शोधतात, कारण पहारीने फिरवलं की ओंडका एका टप्प्यात थांबतो आणि याने सारखा लोटत नेता येतो. पण तुमच्याकडे एक झाड आहे आणि ते तुम्ही बारीक कापणार आहात. तुम्हाला ते नको. वर्षातून दोनदा ट्रॉलीभर लांब लाकूड येत असतं तर घ्या म्हटलं असतं.

लांब दांड्याचा आकडा मात्र घ्याच, म्हणजे विकत घेऊ नका, बनवून घ्या. याच्यावर जरा थांबतो कारण आपल्याकडे याची किंमत कळलेली नाही. बघा, आपण जळतण हलवतो कसं, वाकतो, हाताने धरतो, सरळ होतो, टाकतो, परत वाकतो. ट्रॉलीभर फोडी म्हणजे तीनशे-चारशे वेळा वाकणं. कंबर एका मोठ्या ओंडक्याने जाते तशीच या चारशे वेळा वाकण्यानेही जाते, फक्त ती संध्याकाळी कळते. तीन फूट दांड्याचा आकडा हातात असला की उभ्या उभ्या तुकड्याच्या कापलेल्या तोंडावर हलका टोला मारायचा, टोक रुततं, तुकडा जवळ ओढायचा किंवा एक टोक वर घ्यायचं आणि दुसऱ्या हाताने धरायचं. काम झालं की दांडा पुढे ढकलून जरा झटका दिला की सुटतो. दुसरा फायदा आपल्या भागात मोठा आहे, पडलेल्या लाकडाखाली विंचू बसतो, कधी त्याच्याहून वाईट काही. आकड्याने तुकडा आधी लांबूनच ओढून उघडा करायचा आणि मगच जवळ जायचं. बाभळीचे काटे तर आहेतच, स्लीपर घालून हे काम कोणी करत असेल तर थांबवा, जाड तळाचे बूट पाहिजेत.

बनवून घेताना लोहाराला काय सांगायचं ते लिहितो. लोखंड गाडीच्या कमानीच्या जुन्या पाट्याचं पाहिजे, बांधकामाच्या सळईचं नको, सळईचा आकडा पहिल्याच ओल्या ओंडक्याला उघडतो. चोच पाच इंच, टोक दांड्याकडे किंचित खाली वळलेलं, पोपटाच्या चोचीसारखं, सरळ टोक घसरतं आणि जास्त वळलेलं टोक रुतल्यावर सुटत नाही. चोचीचा छेद चौकोनी ठेवायला सांगा, गोल टोक लाकडात फिरतं. पाणी, म्हणजे लाल तापवून बुडवून कडक करणं, फक्त चोचीला द्यायचं आणि दिल्यावर परत तापवून निळसर रंग आला की थांबायचं, नुसतं पाणी देऊन सोडलं तर टोक काचेसारखं उडतं. मुंडी किलोभरापेक्षा जड नको. नेढं, म्हणजे दांडा बसतो ते भोक, लांबट गोल ठेवायचं, मग दांडा हातात फिरणार नाही. दांडा धावड्याचा मिळाला तर सोनं, सातपुड्याकडे कुऱ्हाडीला तोच लावतात, तुमच्याकडे चोपड्याच्या बाजूला जाणकार माणूस धावड्याचा दांडा सांगेल, नाहीतर बाभळीचीच सरळ रेषांची वाळलेली फांदी. सागाचा दांडा नको, साग दिसायला छान पण झटका खाऊन तुटतो. लांबी उंच माणसाला तीन फूट, जरा बुटक्याला पावणेतीन. टोकाला कानस फक्त वरच्या बाजूने मारायची, सुईसारखं टोक करू नका, ते मोडतं. माझा पहिला आकडा मी मोडक्या कुऱ्हाडीचं पातं कापून करून घेतला होता, तोही चालला. घरात टिकाव असेल तर आधी त्याच्यावर प्रयोग करून बघा, टोक घासून घ्या, जड पडतो पण पद्धत हाताला बसते.

त्याच्या मर्यादाही सांगतो. वाळलेल्या बाभळीच्या किंवा अंजनाच्या अंगात टोक रुतत नाही, टणकन उडतं, तिथे कापलेल्या तोंडाच्या मधल्या भागातच मारायचं, तडा असेल तर तड्यात. निलगिरीची ओली साल सुटते आणि आकडा सालीसकट हातात येतो, माणूस मागे पडतो, म्हणून साल आधी काढायची. ओढताना पाय एकामागे एक ठेवून ओढा, आकडा सुटला तरी तोल राहतो. आणि ७० किलोचा तुकडा आकड्याने उचलायचा नाही, फक्त पाडायचा, फिरवायचा, ओढायचा.

छोटा आकडा वेगळा, दीड वीत दांड्याचा, मार्केटमध्ये हमाल पोत्याला लावतात तसलाच, फक्त टोक जाड. खळ्यात रचताना एका हातात छोटा आकडा आणि दुसरा हात फोडीखाली. बोटं चेंगरत नाहीत हा त्याचा मुख्य फायदा. दहा-बारा वर्षांपूर्वी माझ्याकडे एका गड्याचं बोट ओंडका आणि ट्रॉलीच्या फाळक्यामधे सापडलं, तो ओंडका मीच वरून सोडला होता, त्याने ‘थांबा’ म्हटलं ते मला ऐकू आलं नाही. त्याचं एक पेर गेलं. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, धरलेल्या माणसाने तोंडाने ‘सोड’ म्हटल्याशिवाय दुसऱ्याने सोडायचं नाही, आणि लाकूड व लोखंड यांच्यामधे हात घालायचा नाही, आकडा घालायचा.

चिमट्याबद्दल. बर्फाच्या कारखान्यात लादी धरायचा चिमटा बघितला असेल, तेच तत्त्व. वरून उचललं की वजनानेच जबडे आवळतात. चांगली वस्तू आहे, पण दोन अटींवर. एक, जबड्याची टोकं ओंडक्याच्या मध्यरेषेवर किंवा जरा खाली बसली पाहिजेत. वरच्या अंगाला बसली की चिमटा आवळताना स्वतःलाच वर सटकवतो. म्हणजे आठ इंच उघडणारा चिमटा बारा इंचाच्या ओंडक्याला लावायचा नाही, आणि उलट खूप मोठा चिमटा बारीक फांदीला लावला तर जबडे एकमेकांवर येतात आणि पकडच बसत नाही. तुमच्या बुंध्याचा व्यास १९ इंच निघतो, त्याला बसेल असा हाताचा चिमटा मिळाला तरी उपयोग नाही, वजनच हाताचं नाही. चिमटा तुमच्या फांद्यांच्या कामाचा आहे, आठ-दहा इंच जाडीच्या. दोन, सांध्याचा रिवेट. मी एकदा एका दुकानातून चकचकीत रंगाचा चिमटा घेतला, दुसऱ्याच आठवड्यात रिवेट वाकला आणि जबडे एकमेकांच्या बाजूने निघून गेले, ओंडका पायावर पडला, बूट होता म्हणून वाचलो, दुकानदाराने परत घेतला नाही. घेताना जबडे बंद करून बघा टोकं समोरासमोर येतात का, आणि उघडून आडवं हलवून बघा सांधा किती खेळतो. फोटोवरून हे कळत नाही, त्यामुळे दुकानात हातात घेऊनच घ्या.

दोन माणसांना फांद्यांचे ओंडके न्यायचे असतील तर चिमटा हातात धरू नका, जाड बांबू घ्या, चिमट्याची कडी बांबूच्या मधोमध दोराने बांधा आणि दोघांनी बांबू खांद्यावर घ्या, कावडीसारखा. कंबर सरळ राहते. ओझं कमी उंचीच्या माणसाकडे घसरत जातं, म्हणून दोर बांबूला एक गाठ मारून पक्का करा.

आता दोनशे मीटर. हत्यारांपेक्षा इथे चाक जास्त काम करतं. गॅस सिलिंडरवाली दोन बारीक चाकांची ट्रॉली सिमेंटवर ठीक, काळ्या मातीत तिची चाकं रुततात आणि तुम्ही ती ओढत नाही, नांगरत नेता. आपल्याकडे सायकल कोळपं बनवणारा वेल्डिंगवाला गावोगावी आहे, त्याला सांगा, मोटारसायकलची दोन जुनी चाकं, मधे पाईप, खाली जमिनीला लागून सपाट फळी, आणि फळी जितकी खाली तितकं चांगलं, वीतभर उंचीवर. फोडी वीतभर उचलून ठेवायच्या की हातभर उचलून, दिवसअखेर याचा फरक फार पडतो. चाकं मोठी, फळी खाली, एवढं धरून बसा. आणि मृग लागायच्या आत हे काम उरका, एकदा पाऊस पडला की त्या मातीत रिकामी गाडीसुद्धा चिकटून बसते.

तरीही एखादा तुकडा तुम्हाला अख्खा न्यायचाच असेल, बसायला म्हणून किंवा फोडायच्या ठोकळ्यासाठी, आणि ट्रॉलीत चढवायचा असेल तर उचलू नका, गडगडवत चढवा. दहा फुटाचे दोन मजबूत वासे ट्रॉलीला टेकवा, खाली सरकू नयेत म्हणून खुंट्या ठोका, वरचं टोक दोराने ट्रॉलीला बांधा. दोन दोरांची एकेक टोकं ट्रॉलीत वर पक्की बांधा, दोर ओंडक्याखालून फिरवून वरून परत ट्रॉलीत घ्या आणि दोघांनी ट्रॉलीत उभं राहून एकेक दोर ओढा. ट्रॉलीची उंची तीन फूट धरली तर १६८ किलोला उतारावर ५० किलोचा जोर लागतो, दोराचा वळसा तो निम्मा करतो, २५, आणि दोघांत वाटला की १२-१३ किलो, घासण्यात थोडा जास्त जाईल. एका माणसाचा दोर पुढे गेला तर ओंडका तिरका होतो, म्हणून बोलत बोलत ओढायचं. वाशांच्या मधे किंवा खाली कोणीही उभं राहायचं नाही, वडील तर नाहीच. नायलॉनचा दोर ताणून राहतो आणि तुटला की चाबकासारखा येतो, म्हणून दोर जुना, झिजलेला घेऊ नका.

ट्रॅक्टरने साखळी लावून ओढायचा विचार तुमच्या मनात आला असेल, सालदार सुचवेलच. चालतं, पण साखळी खालच्या ड्रॉबारलाच, वरच्या लिंकला कधीच नाही, ओंडका अडकला की वरून बांधलेला ट्रॅक्टर पुढची चाकं उचलून चालवणाऱ्यावर मागे पलटतो. ओंडक्याच्या नाकाखाली फाटका प्लॅस्टिक ड्रम उभा चिरून घातला की नाक जमिनीत घुसत नाही.

म्हणजे तुमच्यापुरता क्रम असा धरा: आधी कटरवाला परत, मग पहार आणि गुटका, घण आणि दोन पाचरी, लोहाराकडून एक लांब आणि एक छोटा आकडा, खाली फळीची गाडी. पीव्ही नको. चिमटा थांबून.

वडिलांचं. माझे वडीलही शेवटपर्यंत वखारीत यायचे, ‘तुम्ही बसा’ म्हटलं की त्यांना राग यायचा आणि मुद्दाम मोठा ओंडका धरायचे. मग मी त्यांना कंबरेच्या उंचीचा एक ओटा करून दिला, आम्ही फोडी त्याच्यावर आणून टाकायचो आणि रचायचं काम त्यांचं, हातात छोटा आकडा. रचताना खाली दोन आडवी लाकडं टाकायची म्हणजे वाळवी लागत नाही आणि वारा खेळतो, कोपऱ्याला उलटसुलट थर द्यायचा, हे सगळं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळायचं. कानस मारून आकड्याच्या टोकांना धारही तेच लावायचे. तुमच्या वडिलांनाही हेच काम द्या, वाकायला लागू नये एवढी फक्त काळजी घ्या.

फांद्यांचा घेर दोन-तीन ठिकाणी सुतळीने मोजून मला कळवा, बुंध्याजवळ, मधे आणि टोकाकडे. त्याच्यावरून चिमटा घ्यायची गरज आहे का आणि घ्यायचा तर किती उघडणारा ते नक्की सांगतो, तोपर्यंत ऑर्डर टाकू नका.